मसुऱ्याच्या माळ्यावरचा ॲम्प्लिफायर : एका यंत्राची बखर

१/२३
मसुऱ्यातील एका घराच्या माळ्यावर, सुंभाच्या वेटोळ्यांआड, एक लोखंडी पेटी अनेक वर्षे पडून होती. मुंबईहून जत्रेसाठी आलेल्या नातवाने ती खाली उतरवली. तो गिटार वाजवतो, आणि त्याला एक जुना व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायर हवा होता. पेटी उघडल्यावर मात्र हाती आले ते एक ऐतिहासिक साधन. त्यावर तारीख नव्हती, निर्मात्याचे नाव गंजून गेले होते. ते दुरुस्त करावे, तर जुने पुरावे पुसले जाणार. आणि जसेच्या तसे ठेवावे, तर ते कायमचे मुके राहणार. या पेचातून काढलेल्या वाटेचा हा धागा. लांब आहे, सावकाश वाचावा.

२/२३
प्रथम स्थळ. मसुरे हे मालवण तालुक्यातील अनेक वाड्यांचे मोठे गाव. कालावल खाडीच्या दक्षिणेस मसुऱ्याच्या टेकडीवर भरतगड आहे, तर पलीकडच्या तीरावर भगवंतगड. याच गावाच्या आंगणेवाडीत भराडी देवीचे देवस्थान आहे. तिच्या जत्रेची तारीख पंचांगातून निघत नाही. देवीच्या कौलाने ठरते. ती जाहीर झाली, की मुंबईच्या चाळींतून आणि उपनगरांतून चाकरमान्यांची तिकिटांसाठी धावपळ सुरू होते. पेटी उघडणारा तरुणही त्याच गर्दीतून आला होता.

३/२३
त्याचे आजोबा गावात 'माईकवाले' म्हणून ओळखले जात. लग्न, सत्यनारायण, हरिनाम सप्ताह, दहिकाल्याचे दशावतारी नाटक, निवडणुकीची सभा, जिथे माणसे जमतील तिथे त्यांचे कर्णे झाडावर चढत. एक ॲम्प्लिफायर, दोन कर्णे, एक मायक्रोफोन आणि तारांची वेटोळी एवढा त्यांचा संसार. गावोगावच्या अशा माईकवाल्यांचा इतिहास कुठल्याही ग्रंथात सलगपणे लिहिलेला नाही. सभेच्या वृत्तांतात वक्ता असतो, अध्यक्ष असतो, श्रोत्यांची संख्या असते. त्या वक्त्याचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत नेणारा माणूस वृत्तांतात येत नाही.

४/२३
पेटीचे झाकण काढल्यावर धुळीखाली काचेच्या चार नळ्या दिसल्या. दोन लहान, दोन त्यांहून उंच. हेच व्हॉल्व्ह. इंग्लंडमधील जॉन ॲम्ब्रोझ फ्लेमिंग यांनी १९०४ मध्ये पहिला व्हॉल्व्ह केला. निर्वात काचेत एक तापलेला धातू आणि त्यासमोर एक धातूची पट्टी, इतकीच त्याची रचना. तापलेल्या धातूतून इलेक्ट्रॉन सुटतात आणि समोरच्या पट्टीकडे जातात. उलट दिशेने येऊ शकत नाहीत. विजेला एकाच दिशेने वाट देणारे दार, म्हणून 'व्हॉल्व्ह'. अमेरिकेत त्यालाच 'ट्यूब' म्हणतात.

५/२३
खाडीकाठच्या माणसाला हे समजावण्यास वेगळे उदाहरण लागत नाही. खारभूमीच्या बांधाला 'उघाडी' असते. ओहोटीला शेतातील पाणी तिच्यातून बाहेर पडते; भरती आली की पाण्याच्याच दाबाने तिची झडप मिटते आणि खारे पाणी आत शिरत नाही. फ्लेमिंगचा व्हॉल्व्ह ही विजेची उघाडी होय. अमेरिकेतील ली डी फॉरेस्ट यांनी १९०६ मध्ये त्यात एक तिसरा भाग घातला : मधोमध तारेची जाळी. जाळीवरच्या लहानशा विद्युतदाबाने मोठा प्रवाह कमीजास्त करता येऊ लागला. बोटाच्या हलक्या स्पर्शाने प्रचंड दरवाजा हलावा, तसे. कुजबुजीचे गर्जनेत रूपांतर करण्याची युक्ती माणसाला तेथून मिळाली.

६/२३
सभेच्या या पेटीत गिटारवादकाला इतका रस का? कारण दोहोंचे कूळ एकच आहे. ज्यांच्या नावाची गिटारे जगभर वाजतात, त्या लिओ फेंडर यांनी १९३८ मध्ये कॅलिफोर्नियात रेडिओ दुरुस्तीचे दुकान काढले, आणि सभासमारंभांसाठी ध्वनिवर्धक बनवून ते भाड्यानेही दिले. म्हणजे फेंडरही आरंभी एक 'माईकवाले'च होते. पुढे १९६२ मध्ये लंडनमधील जिम मार्शल यांच्या दुकानात फेंडरच्याच एका ॲम्प्लिफायरच्या धर्तीवर नवा ॲम्प्लिफायर तयार झाला, आणि रॉक संगीताला त्याचा आवाज सापडला.

७/२३
दोन्ही यंत्रांचा धर्म मात्र भिन्न. सभेच्या ॲम्प्लिफायरने आवाज स्वच्छ ठेवावा, शब्द फाटू देऊ नये. गिटारवादकाला नेमके ते फाटणेच हवे असते. व्हॉल्व्हला त्याच्या कुवतीपलीकडे ढकलले, की तो एकदम तुटक होत नाही; हळूहळू दबतो आणि स्वराला एक उबदार खरखर देतो. १९७० आणि १९७१ च्या 'सिमला बीट' स्पर्धेच्या ध्वनिमुद्रिका ऐकल्या, तर भारतीय मुलांनी त्या खरखरीचा घेतलेला ध्यास कळतो. आयातीवर कडक निर्बंध होते, आणि परदेशी ॲम्प्लिफायर मिळणे हा नशिबाचा भाग होता.

८/२३
भारतात ध्वनिवर्धकाला राजकीय इतिहासही आहे. ग्यानचंद मोटवाने यांनी १९०९ मध्ये सिंधमध्ये सुरू केलेला व्यवसाय पुढे मुंबईत 'शिकागो रेडिओ' या नावाने प्रसिद्धीस आला. गांधीजी आणि नेहरू यांच्या सभांच्या अनेक छायाचित्रांत मायक्रोफोनवर हे नाव वाचता येते. १९४२ च्या आंदोलनात उषा मेहता व त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईतून चालवलेले गुप्त काँग्रेस रेडिओ केंद्र नोव्हेंबरमध्ये पोलिसांच्या हाती लागले. त्या खटल्यातील आरोपींमध्ये शिकागो रेडिओचे नानक मोटवाने होते. पुढे ते निर्दोष सुटले. काचेची नळी विकणे हेदेखील त्या काळी निरुपद्रवी काम नव्हते.

९/२३
स्वातंत्र्यानंतर १९५४ मध्ये बंगळूर येथे भारत इलेक्ट्रॉनिक्स हा सरकारी उद्योग स्थापन झाला आणि १९६१ पासून तेथे रेडिओचे व्हॉल्व्ह तयार होऊ लागले. यात एक विलक्षण योगायोग आहे. व्हॉल्व्हला निवृत्त करणारा ट्रान्झिस्टर अमेरिकेत १९४७ मध्येच जन्मला होता, आणि बंगळूरच्या त्याच उद्योगाने १९६२ मध्ये ट्रान्झिस्टरसारख्या अर्धवाहक वस्तूंचे उत्पादनही सुरू केले. भारतीय व्हॉल्व्हने डोळे उघडले, तेव्हा त्याचा वारस पाळण्यात आलेला होता. तरीही पुढची अनेक वर्षे खेड्यापाड्यांतील सभा या व्हॉल्व्हनीच ऐकवल्या.

१०/२३
आता पेटीची कालनिश्चिती. झाकणाच्या आत एक पिवळी चिठ्ठी चिकटवलेली होती : आजोबांचे नाव, 'मु. पो. मसुरे, ता. मालवण, जि. रत्नागिरी'. इतिहासाच्या विद्यार्थ्याला हा शेवटचा शब्द पुरेसा आहे. सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ रोजी रत्नागिरीपासून वेगळा झाला. चिठ्ठी त्यापूर्वीची असण्याचा संभव फार मोठा. एक सीमा मिळाली. दुसरी सीमा व्हॉल्व्ह देतील, असे तरुणाला वाटले. उंच नळ्यांपैकी डावीवर भारत इलेक्ट्रॉनिक्सची खूण होती. म्हणजे पेटी १९६१ नंतरची! येथेच त्याची पहिली चूक झाली.

११/२३
उजवी उंच नळी युरोपीय बनावटीची होती. जोडीतील दोन व्हॉल्व्ह दोन देशांचे, याचा अर्थ निदान एक तरी मागाहून बसवलेला; कदाचित दोन्ही. व्हॉल्व्ह खोबणीत बसवतात, डाखाने जोडत नाहीत. कारण तो झिजणार, हे निर्मात्यालाही ठाऊक असते. कोकणातील घराच्या कौलांचेही असेच. बासेल मिशनने १८६५ मध्ये मंगळूरला कौलांचा कारखाना काढला आणि ते साल पुढे वर्षानुवर्षे कौलांवर उमटत राहिले. छपरावर '१८६५' वाचून घर तेव्हाचे ठरवणारा दोनदा फसतो : ते साल कौलाचे नाही, आणि कौलाचे वय भिंतीचे नाही.

१२/२३
म्हणून प्रश्न बदलावा लागतो. काढता-घालता येणारे भाग वस्तूच्या वापराची साक्ष देतात. पक्के जोडलेले भाग तिच्या निर्मितीची. पेटीच्या तळाशी पाहिल्यावर वीज एकदिश करणारे सिलिकॉन डायोड आढळले, तेही मूळच्या डाखात, त्याच रंगाच्या तारांसह. जुन्या यंत्रांत हे काम करण्यासाठी आणखी एक व्हॉल्व्ह असे. येथे त्याच्यासाठी खोबणीच नव्हती. यावरून पेटी साधारण १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धातील असावी, एवढेच म्हणता येते. नेमके वर्ष नाही. पण जे म्हणता येते, ते आता पुराव्यावर उभे आहे.

१३/२३
खरा खजिना तळपत्र्याच्या आतल्या बाजूला होता. शिसपेन्सिलीने लिहिलेल्या दहा-बारा ओळी. प्रत्येकीत महिना, प्रसंग आणि बदललेला भाग. 'मार्च ७१, सभा, दोन्ही वाल्व बदलले.' 'मार्च ७७, सभा, डावा वाल्व बदलला.' शेवटची ओळ : 'डिसेंबर ८०, दशावतार, उजवा वाल्व बदलला.' त्याखाली पत्रा कोरा. म्हणजे डावा भारतीय व्हॉल्व्ह १९७७ मधला आणि उजवा १९८० मधला. आजोबांनी दुरुस्तीची नोंद म्हणून जे लिहिले, ते नातवाच्या हाती गावाच्या सार्वजनिक जीवनाची दैनंदिनी होऊन आले.

१४/२३
गावात एक वृद्ध मेस्त्री आहेत. एकेकाळी रेडिओ दुरुस्त करीत आणि आजोबांच्या पेटीलाही त्यांचाच हात लागे. तरुणाने त्यांना घरी आणले आणि ओळी वाचून दाखवल्या. "आजोबा, मार्च एकाहत्तरची ही सभा कोणाची होती?" क्षणाचाही विलंब न लावता उत्तर आले, "नाथ पैंची. खाडीपलीकडसून माणसां इली होती." इतकी ठाम साक्ष मिळाल्यावर कोणीही ती टिपून घेईल. तरुणानेही घेतली. रात्री मोबाइलवर साल पडताळताना तो थबकला.

१५/२३
बॅरिस्टर नाथ पै १९५७ पासून राजापूर मतदारसंघाचे खासदार होते आणि त्यांच्या वक्तृत्वाची कोकणावर मोहिनी होती. पण त्यांचे निधन जानेवारी १९७१ मध्ये झाले. मार्च १९७१ ची लोकसभा निवडणूक त्यांच्या पश्चात झाली आणि तीत राजापूरमधून मधु दंडवते निवडून आले. तेव्हा मेस्त्री खोटे बोलले काय? मुळीच नाही. आधीच्या एखाद्या सभेतील आवाज त्यांच्या मनात इतका खोल रुतला असावा, की पुढच्या सभाही त्याच आवाजाच्या झाल्या. पेन्सिलीची ओळ साल सांगते, आठवण त्या आवाजाचे मोल सांगते. एकीने दुसरीला बाद करू नये.

१६/२३
आणखी एक गोष्ट. १९७५ च्या मध्यापासून १९७७ च्या आरंभापर्यंतच्या ओळींत सप्ताह आहे, लग्न आहे, दशावतार आहे. 'सभा' हा शब्द नाही. तो परततो थेट मार्च ७७ मध्ये, लोकसभा निवडणुकीच्या महिन्यात. मोह होतो की म्हणावे, आणीबाणीची शांतता या पत्र्यावर उमटली आहे. परंतु ही नोंद बदललेल्या भागांची आहे, झालेल्या कार्यक्रमांची नाही. व्हॉल्व्ह जळला नाही, तर सभा होऊनही ओळ लिहिली जाणार नाही. रिकाम्या जागेवरून सुचते पुष्कळ. सिद्ध मात्र फारच थोडे होते.

१७/२३
आता दुरुस्ती. तरुणाने मुंबईहून नव्या व्हॉल्व्हची जोडी आणली होती; ईएल ८४ या जातीची, कित्येक महिन्यांच्या बचतीतून घेतलेली. त्याचा बेत सोपा : जुने काढावे, नवे घालावे, वीज सुरू करावी. मेस्त्रींनी हात धरला. "घाय करू नको. आदी कपॅसिटर बघ, मगे वाल्व." कोकणातील पावसाळे सोसलेल्या ट्रान्सफॉर्मरच्या वेटोळ्यांत ओल असते, एकदम वीज दिली तर आतल्या आत ठिणगी पडून ते जळतात. म्हणून पेटी आधी तीन दिवस उन्हात सुकवली गेली. जत्रेला आलेल्या पाहुण्यांना अंगणात मिरच्यांशेजारी वाळत पडलेले यंत्र पाहून मौज वाटली.

१८/२३
पुढचा धडा प्राणरक्षणाचा. अशा यंत्रात ३०० व्होल्टहून अधिक दाब खेळतो आणि प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये तो साठून राहू शकतो. मेस्त्रींचे नियम तीन. कपॅसिटर आधी जाड रेझिस्टरमधून रिकामा करावा आणि मीटरने खात्री करावी. चालू यंत्रात एकाच हाताने काम करावे. "डावो हात खिशात घाल", म्हणजे वीज छातीतून आरपार जाण्याची वाट उरत नाही. आणि स्पीकर जोडल्याविना यंत्र कधीही वाजवू नये, नाहीतर आउटपुट ट्रान्सफॉर्मर जातो. हे काम जाणकार शेजारी असल्याखेरीज कोणी करू नये, हेही येथेच सांगणे अगत्याचे.

१९/२३
गुणगुण गाळणारे मोठे कपॅसिटर सुकून निकामी झाले होते. येथे तरुणापुढे खरा पेच उभा राहिला. काही हौशी कारागीर जुना डबा पोखरून त्याच्या पोटात नवा कपॅसिटर दडवतात. वरून सारे जुनेच दिसते. दिसायला सुंदर, पण पुढच्या अभ्यासकाची ती फसवणूकच. त्याने दुसरा मार्ग घेतला. जुना डबा जागीच ठेवून त्याच्या तारा सोडवल्या. नवे कपॅसिटर खाली, उघड दिसतील असे जोडले आणि त्यांवर तारखेची चिठ्ठी लावली. काय मूळचे आणि काय मागाहूनचे, हे पाहताक्षणी कळावे. पडके देऊळ सावरताना जाणते लोक नवा दगड नवाच दिसू देतात, तोच हा न्याय.

२०/२३
मग उंच व्हॉल्व्ह काढून, मध्ये शंभर वॉटचा सिरीज बल्ब घालून वीज दिली. बल्ब क्षणभर लखलखला आणि मंद झाला : कुठे शॉर्ट नाही. मेस्त्रींनी डाव्या खोबणीत जाळीच्या पिनेवर मीटर लावायला सांगितले. तेथे शून्य हवे होते. काटा नऊ व्होल्टवर गेला. आधीच्या टप्प्याचा दाब अडवणारा इवलासा कागदी कपॅसिटर गळत होता. नवा व्हॉल्व्ह तसाच बसवला असता, तर जाळीचा लगाम सुटून तो लाल होत जळाला असता, आणि बचतीसह ट्रान्सफॉर्मरही घेऊन गेला असता. "वाल्व मेलो नाय रे, कपॅसिटर मेलो," मेस्त्री म्हणाले. काही रुपयांचा भाग बदलला आणि काटा शून्यावर आला.

२१/२३
नवी जोडी बसल्यावर मोजणी झाली. दोन्ही व्हॉल्व्हच्या कॅथोडला मिळून १३० ओहमचा रेझिस्टर, त्यावर १०.४ व्होल्ट. भागाकार केला की एकूण ८० मिलिअँपिअर, प्रत्येकी ४०. व्हॉल्व्हवरचा दाब २९० व्होल्ट. म्हणजे प्रत्येकी ११.६ वॉट. ईएल ८४ ची मर्यादा १२. यंत्र कुवतीच्या आत चालत होते. मग जुने व्हॉल्व्हही लावून पाहिले : १९८० चा थकलेला, पण १९७७ चा बंगळूरचा अजून दमदार. एकट्याची जोडी जमत नाही, म्हणून तो कापसात गुंडाळून, नाव-साल लिहून पेटीतच ठेवला. नवी जोडी स्लोव्हाकियाची. आज जगात असे व्हॉल्व्ह मुख्यतः तेथे, रशियातील सारातोव्हमध्ये आणि चीनमध्ये होतात. मार्च २०२२ मध्ये रशियाने निर्यात रोखली, तेव्हा जगभरचे गिटारवादक हवालदिल झाले होते.

२२/२३
अखेरचा प्रश्न गिटार जोडण्याचा. पेटीला गिटारची खोबण नव्हती आणि नवी बसवायची, तर पुढच्या पत्र्याला भोक पाडावे लागणार. ड्रिल मशीन तयार होते. मेस्त्रींनी 'ग्राम' लिहिलेल्या खोबणीकडे बोट दाखवले. लग्नात ग्रामोफोनची तबकडी तेथून वाजे. एक छोटी जोडतार आणि गिटारचा क्षीण आवाज वाढवणारे एक पेडल एवढ्याने काम झाले, पत्रा शाबूत राहिला. ओटीवर पहिला स्वर उमटला, तो मऊ आणि किंचित खरखरीत. मेस्त्रींना आता कमी ऐकू येते. त्यांनी ट्रान्सफॉर्मरच्या पाठीवर दोन बोटे टेकली, थोडा वेळ तशीच ठेवली, आणि मान हलवली.

२३/२३
घरातील जुनी वस्तू दुरुस्त करण्यापूर्वी एवढे अवश्य करावे. आधी छायाचित्रे घ्यावीत. काढलेला प्रत्येक भाग जपून त्यावर दिनांक लिहावा. उलट फिरवता येणार नाही असा बदल टाळावा. आणि आठवणी सांगणारी माणसे आहेत, तोवर त्यांना विचारावे. मग साल पडताळावे. कोकणातील घर दरवर्षी शाकारले जाते म्हणूनच पिढ्यान् पिढ्या उभे राहते. ही पेटीही व्हॉल्व्ह बदलता आले म्हणूनच बोलत राहिली. ज्याने बदलले त्याने लिहून ठेवले, म्हणून आज आपल्याला तिचा इतिहास कळतो. मुंबईची गाडी पकडण्यापूर्वी तरुणाने तळपत्रा पुन्हा उघडला. आजोबांच्या शेवटच्या ओळीखाली, तशाच शिसपेन्सिलीने, त्याने महिना आणि साल लिहिले, आणि त्यापुढे : 'गिटार, दोन्ही वाल्व बदलले.'